रंग सर्वांत शेवटी पाहावा: हातघडणीच्या दागिन्यांसाठी उपरत्ने पारखण्याची रीत

हाताने दागिने ओवणारी व्यक्ती मण्यांच्या गठ्ठ्यासमोर बसली की तिचा हात हटकून सर्वांत गडद, सर्वांत झळझळीत लडीकडे जातो. माझाही जात असे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी काही वर्षांपासून उपरत्नांच्या माळा, कुड्या आणि ब्रेसलेट ओवून विकते, आणि या व्यवसायात माझे जे पैसे बुडाले त्यांतले बहुतेक रंगाला भुलून बुडाले, हे हिशेबाची वही उघडून दाखवता येईल. खड्याच्या रूपात सर्वांत सहज बदलता येण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याचा रंग. तो रसायनात मुरवून चढवता येतो, भट्टीत भाजून आणता येतो आणि काही खड्यांचा तर नुसत्या उन्हाने उडून जातो. खड्याची तकाकी, त्यातून जाणारा उजेड, आतली ठेवण आणि छिद्राची कड या गोष्टींची नक्कल करणे त्यामानाने अवघड असते. म्हणून पाहण्याचा नेहमीचा क्रम उलटा करून रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे मत झाले आहे. पुढे दिलेली रीत त्याच क्रमाने मांडली आहे.

हे मत कसे झाले तेही सांगते. एका प्रदर्शनातून मी फिरोजाच्या म्हणून चार लडी आणल्या होत्या आणि त्यांची माळ शेजारच्या वहिनींनी मे महिन्यातल्या एका लग्नात मोतिया रंगाच्या ब्लाउजवर घातली. मांडवात पंखे होते, पण वारा गरमच येत होता. अक्षता पडेपर्यंत ब्लाउजच्या गळ्याला निळसर हिरवी किनार उमटली होती. त्यांची लेक सर्वांसमोर म्हणाली, "मावशी, माळ पाझरली ना तुमची!" पैसे परत केले, माळ घरी आणली आणि एक मणी पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. वरचा रंग कागदाएवढ्या जाडीचा होता आणि आतला दगड खडूसारखा पांढराफटक होता. हॉवलाइट किंवा मॅग्नेसाइट नावाचे स्वस्त पांढरे दगड रंगवून फिरोजा म्हणून सर्रास विकले जातात, हे मला त्यानंतर कळले.

उजेड आणि बैठक

पारख करायला बसण्याची जागा आधी ठरवावी. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओसरीवर, थेट ऊन अंगावर न येता भरपूर उजेड मिळेल अशा ठिकाणी बसावे. आपल्याकडे अंगणावर हिरवी जाळी किंवा निळी ताडपत्री ताणलेली असते आणि तिच्याखाली प्रत्येक खडा थोडा हिरवा किंवा थोडा निळा दिसतो, हे सहसा ध्यानात येत नाही. निळ्या चुन्याने रंगवलेली भिंतही हाच घोळ करते. इतकेच कशाला, अंगावरच्या भडक लुगड्याची छायासुद्धा स्फटिकासारख्या स्वच्छ खड्यात उतरते. म्हणून फिक्या रंगाचे कपडे घालून बसावे आणि समोर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा अंथरावा. पिवळ्या बल्बखाली खरेदी करायची वेळ आलीच, तर लड हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जावे. दुकानदार त्याला नाही म्हणत असेल तर ती लड न घेतलेली बरी.

साधने फारशी लागत नाहीत. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलची बॅटरी, एक जाड शिवणाची सुई, कापसाचे बोळे, नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन असलेले द्रव आणि एका ग्रॅमचा फरकही दाखवणारा काटा एवढ्यावर काम भागते.

पहिली पायरी: पुसणे

लडींवर बहुधा तेलाचा किंवा मेणाचा हात दिलेला असतो, त्यामुळे कोरडा, निस्तेज दगडही पहिल्या दिवशी तुकतुकीत दिसतो. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, आणि अकीक म्हणजे ॲगेट, यांच्या कुळातले मणी कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन, सुकवून मगच पाहावेत. फिरोजा, लाजवर्द (गडद निळा लॅपिस लाझुली), पोवळे आणि मोती मात्र साबणात बुडवू नयेत. ते नुसत्या ओलसर कापडाने पुसावेत.

दुसरी पायरी: तकाकी

मणी दोन बोटांत धरून त्यात खिडकीचे किंवा दाराच्या चौकटीचे प्रतिबिंब पकडावे. चौकटीची कड मण्यात रेघेसारखी ठसठशीत दिसत असेल तर दगड कठीण आहे आणि त्याला पॉलिश नीट बसले आहे, असे समजावे. कड थरथरल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली तर पॉलिश घाईत उरकलेले असते किंवा दगडच मऊ असतो. स्फटिक, जामुनिया म्हणजे ॲमेथिस्ट, आणि तामडा म्हणजे गार्नेट, यांची तकाकी काचेसारखी असते. अकीकाची तकाकी त्याहून किंचित मंद, मेणाचा पातळ हात फिरवल्यासारखी असते. फिरोजा मेणचट दिसतो आणि लाजवर्दची चमक त्याहूनही मवाळ असते. त्यामुळे लाजवर्द आरशासारखा चकाकत असेल तर त्यावर लाखेचा किंवा प्लास्टिकचा लेप असण्याचा संशय घ्यावा.

पैलू पाडलेल्या मण्यांत पैलूंच्या कडा भिंगातून पाहाव्यात. दगडाच्या कडा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या काचेच्या आणि प्लास्टिकच्या कडा चोखलेल्या खडीसाखरेसारख्या बोथट असतात, शिवाय मण्याच्या कमरेवर साच्याच्या सांध्याची बारीक रेघही सापडते.

तिसरी पायरी: आरपार उजेड

मोबाइलची बॅटरी मण्याच्या मागे धरली की अर्धी कहाणी उघडी पडते. जास्परमधून उजेड अजिबात येत नाही. अकीकातून धुक्यासारखा येतो आणि स्फटिकातून जवळजवळ तसाच्या तसा येतो. तामडा हातात काळपट दिसतो, पण बॅटरीवर ठेवताच त्यात डाळिंबासारखा लालभडक रस उतरतो. ओपलाइट ही मूनस्टोन म्हणून खपवली जाणारी दुधी काच आहे. काळ्या कापडावर ती निळसर दिसते आणि मागून उजेड येताच नारिंगी होते, या एका खुणेवरून ती पकडता येते. खऱ्या मूनस्टोनमध्ये निळसर पांढरी झाक पृष्ठभागाखाली तरंगत असते, मणी फिरवला की ती सरकते आणि एका ठराविक कोनात नाहीशी होते.

चौथी पायरी: आतली ठेवण

इथे घाई करू नये. माझा सर्वांत जास्त वेळ याच पायरीवर जातो. भिंग डोळ्याला लावून, मणी भिंगाजवळ आणून हळूहळू फिरवावा. गोल बुडबुडे दिसले तर ती काच आहे, कारण निसर्गात घडलेल्या स्फटिकात तसे सुटे गोल बुडबुडे नसतात. त्यात पिसासारख्या चिरा, बारीक धुके किंवा सुयांसारखे दुसरे खनिज असते. पाकाचा गोळा ढवळताना दिसतात तशा वळणदार रेघा दिसल्या तरीही ती काचच. सोनेरी कणांनी गच्च भरलेला, अगदी एकसारखा चमचमणारा तपकिरी खडा काही ठिकाणी 'सनस्टोन' म्हणून विकला जातो, पण ती तांब्याचे कण असलेली काच असते. दिसायला ती सुंदर आहे आणि मीही ती वापरते, फक्त काच म्हणून विकते.

जामुनियात जांभळा रंग सगळीकडे सारखा नसतो. कोनदार पट्ट्यांत किंवा एखाद्याच टोकाशी दाटलेला असतो. पांढऱ्या कागदावर पाण्याच्या वाटीत मणी सोडून वरून पाहिले की हे पट्टे अधिक स्पष्ट होतात. प्रयोगशाळेत वाढवलेला जामुनिया मात्र नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्याला रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचाच दाखला लागतो. टायगर आयमध्ये उजेडाचा पट्टा रेशमी धाग्यांवरून फिरल्यासारखा फिरायला हवा. सोनेरी तपकिरी रंग त्याचा स्वतःचा असतो, लालसर टायगर आय बहुतेक वेळा भाजून केलेला असतो. लाजवर्दमध्ये पायराइटचे सोनेरी ठिपके वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ पडलेले असतात आणि मधून पांढऱ्या कॅल्साइटची शीर जाते.

पाचवी पायरी: छिद्र

छिद्राकडे कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच खोटे तिथे उघडे पडते. रंगवलेल्या दगडात रंग छिद्राच्या तोंडाशी आणि चिरांत दाटून बसतो. उलट काही मण्यांत छिद्राच्या आत पांढरा दगड डोकावतो. लेप दिलेल्या मण्याची साल छिद्राच्या कडेला उडालेली दिसते. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा छिद्राभोवती फिरवावा. बोळ्याला रंग लागला तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. मात्र रंग लागला नाही म्हणून दगड नैसर्गिक रंगाचाच आहे, असेही ठरत नाही, कारण अकीकात मुरवलेले कित्येक रंग पक्के असतात.

त्याच जागी सुईची कसोटीही करता येते. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या मोहस् श्रेणीत स्फटिक आणि अकीक ७ वर, मूनस्टोन ६ च्या आसपास, लाजवर्द ५ ते ५.५ वर, हॉवलाइट ३.५ वर आणि कॅल्साइट ३ वर येते. सुईने छिद्राच्या कडेला हलका ओरखडा ओढावा. हॉवलाइटवर चर पडते आणि पांढरी भुकटी निघते, अकीकावर फक्त पोलादाची करडी रेघ उमटते आणि ती बोटाने पुसली जाते. ही कसोटी विकायच्या मण्याच्या दर्शनी भागावर कधीही करू नये.

छिद्राचे काम वेगळ्या कारणासाठीही पाहावे. कड ओबडधोबड राहिली असेल तर ती दोऱ्याला महिनाभरात कापते. दोन्ही बाजूंनी पाडलेली छिद्रे मध्यभागी नीट जुळली नसतील तर माळेत मणी तिरका बसतो.

सहावी पायरी: वजन

८ मिलिमीटर व्यासाच्या गोल मण्यांच्या ४० सेंटिमीटर लडीत सुमारे ५० मणी बसतात. स्फटिक किंवा अकीक असेल तर लडीचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास भरते, प्लास्टिक असेल तर कसेबसे १५ ग्रॅम. काचेची लड ३३ ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे वजनाने प्लास्टिक पकडता येते पण काच नाही. काचेसाठी पुन्हा भिंगाकडेच यावे लागते. हातात घेतल्यावर दगड गार लागतो ही कसोटी खरी असली, तरी आपल्याकडच्या मे महिन्यात ती निरुपयोगी ठरते. त्या दिवसांत सावलीतला दगडसुद्धा तापलेला असतो.

सातवी पायरी: आता रंग

इथवर टिकलेल्या लडीचाच रंग पाहावा. निसर्गातला रंग बहुधा थोडा मळलेला असतो: हिरव्यात करडेपणा, लालात तपकिरीपणा, निळ्यात हिरवट छटा. रानी गुलाबी, मोरपंखी किंवा झगझगीत निळा अकीक दिसला तर तो रंगवलेला आहे हे गृहीत धरावे. काळा ओनिक्स म्हणून मिळणारा बहुतेक माल हा साखरेच्या पाकात मुरवून नंतर गंधकाम्लाने काळा केलेला अकीक असतो. तो रंग पक्का असतो, त्यामुळे त्याला मी नाके मुरडत नाही. पिवळा सुनेला, म्हणजे सिट्रीन, बाजारात मिळतो तो बहुतेक भाजलेला जामुनिया असतो. त्यात नारिंगी झाक असते आणि बुडाशी दुधी पांढरा भाग राहतो, तर निसर्गात पिवळा झालेला खडा फिकट, पाणीदार दिसतो.

कार्नेलियन, म्हणजे लाल अकीक, या बाबतीत थोडे थांबावेसे वाटते. गुजरातमध्ये राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागातला फिका अकीक खंभातला नेऊन मंद आचेवर भाजला जातो. दगडातले लोह उष्णतेने लाल होते. ही प्रक्रिया हजारो वर्षांची आहे आणि तिला फसवणूक म्हणता येत नाही, कारण रंग देणारे लोह दगडाचे स्वतःचेच असते. असा मणी बॅटरीसमोर धरला तर लाल रंग ढगांसारखा विखुरलेला दिसतो. पट्ट्यापट्ट्यांचा लाल, तोही गडद आणि फिका असा आलटून पालटून आला, तर साधा पट्टेदार अकीक रसायनात रंगवला आहे असे समजावे. घट्ट थरांत रंग शिरत नाही आणि सच्छिद्र थर तो पिऊन घेतात.

आपल्या वावरातले दगड

हे सारे शिकायला गठ्ठा विकत घ्यावा लागतोच असे नाही. पश्चिम विदर्भाची काळी जमीन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दगडावर तयार झालेली आहे. त्या लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाण्याने थरावर थर चढवले आणि अकीक, गारगोटी व स्फटिक तयार झाले. भोवतालचा काळा दगड झिजून माती झाला तरी हे कठीण गोळे मागे उरले. मृगाची पहिली सर पडून गेल्यावर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, किंवा नाल्याच्या काठी फिरले की ते धुऊन वर आलेले दिसतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याभोवतीचे गोल दगडही याच लाव्ह्यातून निघालेले. बाबांची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका लहानपणापासून ऐकलेली आहे. ती श्रद्धेची जागा असल्याने तिथले दगड उचलू नयेत.

वावरातला अकीक बाहेरून बटाट्यासारखा दिसतो: मातकट, खडबडीत, बारीक खड्डे पडलेला. तो पाण्यात बुडवून उन्हाकडे धरावा. ओला झाल्यावर तो जसा दिसतो, जवळपास तसाच पॉलिश केल्यावर दिसतो. कोरड्यात राखाडी वाटलेल्या एखाद्या गोळ्यात पाणी लागताच नखाएवढ्या जागेत वीस-पंचवीस रेघा उमटतात. कडेची एक पिवळसर असते, मग दुधी, मग पाण्यासारखी स्वच्छ, आणि मधोमध साखरेच्या कणांसारखा स्फटिकांचा खळगा. डोळा तयार करायला याच्याइतका चांगला धडा नाही. विहीर खोदताना पांढरे, मोरपिसाऱ्यासारखे पसरलेले किंवा काचेच्या ठोकळ्यांसारखे झिओलाइट गटातले स्फटिक निघतात. ते दिसतात फार सुंदर, पण मऊ असतात आणि सहज पदर सुटून फुटतात. ते मांडणीतच शोभतात, अंगठीत बसवू नयेत. धुऱ्यावरचे चार दगड वेचणे निराळे आणि खोदून काढणे निराळे. खोदण्याला सरकारी परवाना लागतो.

याच दगडाचे मणी आपल्या मुलखात फार जुन्या काळापासून घडत आले आहेत. नागपूरहून काटोलकडे जाताना लागणाऱ्या माहुरझरी गावाच्या परिसरात लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत, आणि तिथल्या उत्खननांत अकीक, कार्नेलियन, जास्पर व स्फटिक यांचे पुरे तसेच अर्धवट घडलेले मणी सापडले आहेत. काही लाल मण्यांवर क्षाराचा लेप लावून भाजून काढलेल्या पांढऱ्या रेघा आहेत. अशा जागी जमिनीवर पडलेला मणीही उचलू नये. तो कुठे पडला होता ही माहिती त्याच्यासोबत जाते आणि अभ्यासकांच्या दृष्टीने मण्याइतकीच तीही मोलाची असते.

माळेसाठी मणी जुळवणे

एकेक मणी चांगला असला म्हणून माळ चांगली होत नाही. लड सोडवून सगळे मणी पांढऱ्या कापडावर पसरावेत आणि रंगाऐवजी उजेडाप्रमाणे त्यांचे ढीग करावेत: आरपार दिसणारे, धुकट आणि अपारदर्शक. एकाच लडीत हे तिन्ही निघतात. धुकट मण्यांत मधेच एक आरपार मणी आला तर ओवल्यावर ती जागा दात पडल्यासारखी दिसते. पदकाजवळ सर्वांत स्वच्छ मणी घ्यावेत आणि मानेमागे जातील तिथे डागाळलेले वापरावेत. आमच्याकडचे जुने पटवेकरी, म्हणजे दागिने गाठवणारे कारागीरही, असेच करीत.

दोऱ्याचा रंग हाही खड्याच्या रूपाचा भाग आहे. स्फटिकाच्या मण्यातून काळा दोरा गेला की माळ धुरकट होते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तीच माळ दवासारखी दिसते. फिका जामुनिया जांभळ्या दोऱ्यावर एक छटा गडद वाटतो. ही युक्ती मी वापरते, पण गिऱ्हाइकाला दोरा दाखवून. धातूच्या बाबतीत तामडा आणि कार्नेलियन पितळेच्या पिवळ्या रंगात उबदार दिसतात; मूनस्टोन आणि जामुनिया चांदीत खुलतात. पूर्ण बंद कोंदणात, खाली चकचकीत पत्रा लावून बसवलेला खडा शक्यतो घेऊ नये, कारण त्याला बॅटरी लावण्याची सोयच राहत नाही.

रूप टिकवणे

हवेतल्या धुळीत स्फटिकाचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ असल्याने त्याहून मऊ खड्यांवर कोरडे कापड घासले की दर वेळी बारीक ओरखडे पडतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घराघरांत धूळ असते, तेव्हा आधी फुंकर मारावी किंवा ओल्या कापडाने टिपावे, मग पुसावे. फिरोजा घाम, तेल आणि अत्तर पिऊन हिरवट होतो. तो घरी परतल्यावर लगेच काढून पुसून ठेवावा. लाजवर्द आणि पोवळ्याला लिंबू किंवा चिंच लागू देऊ नये. जामुनिया आणि गुलाबी स्फटिक यांना उन्हाचे वैर आहे. दुकानाच्या काचेच्या कपाटात महिनोन्‌महिने टांगलेली त्यांची माळ समोरून फिकी आणि मागून गडद झालेली मी पाहिली आहे.

म्हणून आता प्रत्येक नव्या लडीतले दोन मणी मी बाजूला काढते. एक पत्र्याच्या डब्यात अंधारात जातो, दुसरा दक्षिणेकडच्या खिडकीत टाचणीने टोचलेल्या चिठ्ठीसोबत ठेवते, चिठ्ठीवर खरेदीची तारीख आणि विक्रेत्याने सांगितलेले नाव असते. महिन्याने दोन्ही मणी पांढऱ्या कापडावर शेजारी ठेवून पाहते आणि तोवर त्या लडीची माळ विकायला काढत नाही. गेल्या उन्हाळ्यात खिडकीतल्या अकरा मण्यांपैकी तीन उतरले: दोन जामुनियाचे आणि एक हिरव्या अकीकाचा.